मोठ्या मात्रेतले दोन उंदीर

ज्या झाडावर मी सहा वर्षं घालवली, त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की कुणीतरी उद्या ते मोबाईलवर शोधेल, परवा उपटून आणेल आणि तेरवा त्याचा रस घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पाजेल. नैसर्गिक आहे, त्यानं काय होतंय, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते कानावर पडलं तरी डोकं फिरतं. धोतराही नैसर्गिकच आहे. तेव्हा एवढंच सांगते, की ते वीतभर उंचीचं, बारीक पानांचं झाड रामटेककडे धानाच्या शेतांच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, पावसाळा सरता सरता भरपूर उगवतं, आणि कावीळ झाली की तिकडची माणसं ते वाटून ताकातून देतात.

मी नागपूरच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवते. लग्न केलं नाही, पीएच.डी. उशिरा सुरू केली, आणि माझी जीभ तिखट आहे असं घरचे-बाहेरचे सगळेच म्हणतात. त्यात खोटं काही नाही. माझा विषय यकृत. यकृताला पुन्हा पुन्हा इजा होत राहिली की त्यातल्या काही पेशी तंतू विणायला लागतात. जखमेवर खपली धरते तसंच, फक्त आतल्या आत, आणि थांबायचं नाव नाही. तंतू वाढत गेले की मऊ यकृत घट्ट होत जातं आणि शेवटी कामातून जातं. काही वनस्पतींमधली द्रव्यं या पेशींना शांत करत असावीत. निदान उंदरांमध्ये तरी तसं दिसतं. हळद, कुटकी, भुईआवळी यांच्यावर लोकांनी ढिगानं काम केलं आहे. मी माझं झाड घेतलं.

काम सुरू होऊन दोन वर्षं झाली आणि बाबांच्याच यकृतात ते तंतू निघाले. बाबा कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये घालवली, दारूला कधी शिवले नाहीत. पण साखर वीस वर्षांची जुनी आणि पोट पुढे. पोटावर यंत्र टेकवून यकृत किती घट्ट झालं ते मोजतात, तो आकडा वाईट आला होता. डॉक्टरबाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. वजन उतरवा, साखर सांभाळा, रोज चाला. आणि चौथी, बोट उगारून: काढे, पावडरी, झाडपाला काही घेऊ नका.

"वजन कमी करा, हे काय औषध हाय?" बाबा बाहेर आल्याबरोबर म्हणाले. "मले वाटलं गोळी-बिळी देईन."

त्या दिवसापासून त्यांचं लक्ष माझ्या कामावर बसलं. रविवारी झाडं गोळा करायला रामटेककडे निघाले की बाबा स्कूटरवर मागे बसायचे, मांडीवर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. कुठल्या धुऱ्यावर झाड दाट आहे, कुठलं पान फुलोऱ्यावर आलं आहे, हे त्यांना माझ्याआधी दिसायचं. प्रबंधाचं प्रत्येक प्रकरण ते छापून मागायचे आणि लाल पेन घेऊन वाचत बसायचे. इंग्रजी त्यांना यंत्रांच्या पुस्तकांतून आलेलं, त्यामुळे त्यांना माझी वाक्यं मिळमिळीत वाटायची.

"हे 'मे' कायले लिवून राहिली सारखं सारखं? मे प्रोटेक्ट, मे रिड्यूस. करते तं करते लिव, नाही तं नाही लिव."

"संशोधनात असंच लिहितात बाबा."

"मंग बॉयलरवाल्यानं बी असंच लिवलं असतं तं? बॉयलर मे नॉट बर्स्ट?"

मी हसले होते. आणि शेवटच्या मसुद्यात, माझ्या गाईड सरांनीही तेच सुचवलं म्हणून, दोन-तीन ठिकाणचा तो 'मे' मी काढूनही टाकला. वाक्यं ठसठशीत दिसायला लागली. मलाही ती आवडली, हे लपवण्यात अर्थ नाही.

दिवाळीच्या चार दिवस आधीची गोष्ट. प्रबंध देऊन झाला होता, तोंडी परीक्षा महिन्यावर होती आणि मी हवेत होते. बाबा अंगणात स्टुलावर चढून आकाशकंदील टांगत होते, मी खाली वायर धरून उभी. अकरा वाजताचं लख्ख ऊन होतं. दोरी नीट बसली का बघायला त्यांनी डोळे वर केले, आणि मला त्यांच्या डोळ्यांचं पांढरं पिवळं दिसलं. मला वाटलं, कंदिलाचा कागद पिवळा आहे, त्याची झाक असेल. मी त्यांना खाली उतरायला लावलं, उन्हाकडे तोंड करून उभं केलं आणि खालची पापणी ओढली. झाक नव्हती.

"कवापासून आहे हे?"

"काय?"

"डोळे पिवळे झाले तुमचे."

"जागरण झालं असन," म्हणाले आणि पुन्हा स्टुलावर चढायला लागले.

दुपारी रक्त दिलं, संध्याकाळी रिपोर्ट आला. यकृताची इजा दाखवणारे आकडे हजाराच्या घरात होते. डॉक्टरबाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि लगेच भरती व्हायला सांगितलं. पलंगाशेजारी उभं राहून त्यांनी विचारलं, "काका, दुसरं काही घेता का? काढा, चूर्ण, कुणी दिलेलं औषध?"

"नाही."

"नक्की?"

"तुमीच तं मनाई केली होती," बाबा म्हणाले.

आई पायथ्याशी बसली होती. तिनं पदर सारखा केला, मग पुन्हा सारखा केला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी डॉक्टरबाईंना हेपेटायटिसच्या तपासण्यांबद्दल विचारण्यात गुंतले होते, मला त्यातलं कळतं हे दाखवायची हौस होती ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांचे कपडे आणायला घरी निघाले, तेव्हा आई दवाखान्याच्या जिन्यापर्यंत माझ्या मागे आली.

"वरच्या खोलीत पाह्य जाऊन," ती म्हणाली.

"काय आहे तिथं?"

"पाह्य ना वं जाऊन. माह्यानं सांगवत नाही."

आमच्या गच्चीवर एक लहान खोली आहे. निवृत्तीनंतर बाबांनी बांधून घेतली, तिथे त्यांची अवजारं असतात. गुडघ्यांमुळे आई वर जात नाही आणि मला वेळ नसतो. दार उघडलं तर वास आला. हा वास मी डोळे मिटून ओळखला असता, सहा वर्षं माझ्या ॲप्रनला हाच येत होता.

दोरीला झाडाच्या जुड्या उलट्या टांगलेल्या होत्या, उन्हाची तिरीपसुद्धा पडणार नाही अशा बाजूला. जमिनीवर आईची जुनी सुती साडी, तिच्यावर वाळलेला पाला. टेबलावर मिक्सरचं जुनं भांडं, बारीक चाळणी, मलमलचं फडकं, एक कढई, कढईत सोडायचा थर्मामीटर, आणि दोन मोठ्या स्टीलच्या ताटल्यांमध्ये वाळून पापुद्रे सुटलेला काळसर अर्क. शेजारी मध. भिंतीला माझं चौथं प्रकरण क्लिपनं लावलेलं, कृतीच्या प्रत्येक पायरीसमोर लाल पेनानं बरोबरची खूण.

खरं सांगते, पहिल्या क्षणी मी पाहिलं ते काम किती नीट केलं आहे ते. सावलीत वाळवणं, दळणं, साठ अंशांच्या आत तापवणं, गाळणं, आटवणं. माझ्या विद्यार्थ्यांना पन्नासदा सांगूनही जे जमत नाही ते या माणसानं एका कढईवर केलं होतं. मला अभिमान वाटला, आणि त्याच अभिमानात मी प्रकरणाची पानं उलटली.

प्रकरणाच्या शेवटच्या पानावर त्यांचा गुणाकार होता. उंदरांच्या मोठ्या मात्रेच्या गटाला मी किलोमागे जेवढा अर्क दिला, तो आकडा, गुणिले अठ्ठ्याहत्तर. बाबांचं वजन. उत्तराखाली दोन रेघा, आणि त्याखाली रोजच्या खुणा केलेल्या सहा आठवड्यांच्या तारखा. गुणाकार अगदी बरोबर होता. पण उंदराची मात्रा माणसाला अशी लावत नाहीत. लहान जीव औषध भराभर जाळतो, म्हणून किलोमागची त्याची मात्रा माणसासाठी साधारण सहानं भागावी लागते. हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं, आणि म्हणूनच कुणी लिहीत नाही. मीही लिहिलं नव्हतं. बाबा सहा आठवडे रोज सहापट घेत होते.

आणि मोठाच गट त्यांनी का निवडला, तेही उघड होतं. माझ्याच तक्त्यात त्या गटाचा निकाल सगळ्यात चांगला होता.

तेव्हा मला ते दोन उंदीर आठवले. आठवले म्हणणं खोटं आहे. ते मी कधी विसरलेच नव्हते, फक्त त्यांच्याकडे पाठ करून बसले होते.

उंदराला औषध पाजायचं म्हणजे टोकाला बारीक गोळी असलेली वाकडी सुई तोंडातून थेट जठरात उतरवायची. हात चुकला तर सुई श्वासनलिकेत जाते, औषध फुप्फुसात उतरतं आणि उंदीर मरतो. हे प्रत्येकाच्या हातून कधी ना कधी होतं. त्यातून आमच्याकडे एक सोयीची पद्धत पडून गेली आहे: मधेच मेलेला उंदीर वहीत 'सुईची चूक' म्हणून लिहायचा आणि गणतीतून काढायचा. माझ्या मोठ्या मात्रेच्या गटात सहा उंदीर होते. पाचव्या आठवड्यात त्यातला एक सकाळी पिंजऱ्यात मेलेला सापडला, दोन दिवसांनी दुसरा. मी दोघांनाही उघडून पाहिलं. फुप्फुसं स्वच्छ होती, गुलाबी. औषधाचा थेंबही तिथे गेला नव्हता. यकृतं मात्र फिकट पडलेली, जागोजागी डागळलेली. माझ्या हाताची चूक नव्हती, हे मला तिथेच उभ्या उभ्या कळलं.

गाईड सर म्हणाले, "सुईची चूक असेल. राहिलेले चार बघा किती छान आलेत."

चार खरंच छान आले होते. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर त्यांच्या यकृतातले लाल रंगवलेले तंतू इतके बारीक दिसत होते की मी मोबाईलवर फोटो काढून आईला दाखवला होता. मी वहीत 'सुईची चूक, दोन' लिहिलं. प्रबंधात तेवढंही नव्हतं, तिथे नुसतेच चार उंदीर होते आणि त्यांच्या आकड्यावर तारा होता. तक्त्यात तारा लागला म्हणजे निकाल पक्का धरतात.

गच्चीवरूनच मी सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"वडिलांनी घरी काय बनवलं, किती शुद्ध, कुणास ठाऊक," ते म्हणाले. "पावडर घेत होते एवढं डॉक्टरांना सांगा. उंदरांचा विषय काढू नका. त्याचा इथे संबंध काय?"

"सर, मात्रा तीच आहे."

"तीच कशी? माणूस आहे तो. आणि हे काम तुमचं एकटीचं नाही, माझंही नाव आहे त्यावर."

मी बरं म्हणून फोन ठेवला. ताटल्या, कढई, जुड्या सगळं तसंच ठेवून एक पापुद्रा पिशवीत घातला आणि स्कूटर काढली. कोराडी रोडवर कोळशाच्या ट्रकांमागून जाताना मी स्वतःशीच भांडत होते. सरांचं म्हणणं काही अगदीच चूक नव्हतं. पावडर सांगितली की झालं. औषध बंद होईल, तेच तर हवं आहे. मेलेल्या उंदरांनी बाबांना काय मिळणार आहे? मानकापूरच्या चौकात सिग्नल लागला तोवर माझी खात्री पटली होती. सिग्नल सुटला तेव्हा मला माझीच किळस आली. पण ठरवलेलं मी बदललं नाही.

वॉर्डात मी पिशवी पुढे केली. बाबांनी ती पाहिली आणि नजर खिडकीकडे वळवली. डॉक्टरबाईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी पापुद्रा उजेडात धरला आणि मला विचारलं, "तुमचाच विषय ना हा? यानं यकृताला इजा होते का?"

"लोक पिढ्यानपिढ्या घेत आलेत," मी म्हणाले. हे वाक्य ज्याच्या तोंडून ऐकलं त्याला मी एरवी फाडून खाल्लं असतं.

"लोकांचं नाही विचारत. तुमच्या उंदरांमध्ये, मोठ्या मात्रेत, काही झालं?"

"प्रबंधात तरी..."

"प्रबंधातलं पण नाही विचारत." त्यांनी पापुद्रा पिशवीत टाकला. "का विचारते ते सांगते. याच्यामुळे झालं असेल तर मी हे बंद करून वाट पाहणार. याच्यामुळे नसेल तर दुसरं कारण धरावं लागेल. शरीरच यकृतावर उलटलं असं धरून मोठ्या मात्रेत स्टेरॉईड सुरू करावं लागेल, आजच. यांची साखर बघता ते मला करायचं नाहीये. त्यातून इन्फेक्शन झालं तर हाताबाहेर जाईल. म्हणून नीट आठवून सांगा."

बाबा दोन हातांवर होते, जागे होते. आई माझ्याकडे बघत होती. मला कळलं की मी आता जे बोलेन त्यावर बाबांच्या हातात कुठली सुई जाणार ते ठरणार आहे.

"दोन मेले," मी म्हणाले. "सहातले दोन. सुईची चूक म्हणून लिहिलं. सुईची चूक नव्हती. फुप्फुसं साफ होती, यकृत खराब होतं. मी स्वतः पाहिलं."

"कितव्या आठवड्यात?"

"पाचव्या."

डॉक्टरबाईंनी मान हलवली, केसपेपरवर काहीतरी लिहिलं आणि नर्सला हाक मारून स्टेरॉईड थांबवायला सांगितलं. ते आधीच मागवलेलं होतं. माझ्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. ते मला फार लागलं.

बाबांनी थोड्या वेळानं पाणी मागितलं. पेला माझ्या हाताशी होता. त्यांनी आईकडे पाहून मागितलं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. रोज सकाळी रक्त काढायचे आणि दुपारी आकडा यायचा. कावीळ वाढतच होती. रक्त गोठायला लागणारा वेळ वाढत होता, आणि खरी भीती त्याची होती. तो एका मर्यादेपलीकडे गेला की यकृत बदलण्याशिवाय उपाय उरत नाही. यकृत पार थकलं की माणसाचं डोकंही भ्रमिष्ट होतं. म्हणून डॉक्टरबाईंनी मला काम लावून दिलं होतं: दिवसातून तीनदा बाबांना वार विचारायचा, कुठे आहात ते विचारायचं आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावायचं. चूक झाली की लगेच कळवायचं.

बाबा माझ्याशी बोलत नव्हते. पण या प्रश्नांची उत्तरं द्यावीच लागत. ते भिंतीकडे तोंड करून द्यायचे.

"आज कोणता वार बाबा?"

"बुधवार."

"कुठं आहो आपण?"

"दवाखान्यात. अजून कुठं."

"शंभरातून सात."

"त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. पासष्ट. बस झालं आता."

चौथ्या दिवशी दुपारी ते एकोणऐंशीवर थांबले. मी वाट पाहिली. ज्या माणसानं पस्तीस वर्षं पन्नास-पन्नास मीटरांचे काटे एकाच वेळी डोक्यात ठेवले, तो एकोणऐंशीतून सात काढू शकत नव्हता. आईनं त्यांचा पाय धरला होता.

"एकोणऐंशी," ते पुन्हा म्हणाले.

"पुढं?"

"एकोण..."

मी उठून धावले. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. कॉरिडॉरमध्ये लोकांना ढकलत मी डॉक्टरबाईंच्या खोलीपर्यंत गेले, आणि त्या येईपर्यंत माझ्या मनात एकच गोष्ट चालू होती, की पाचव्या आठवड्यात त्या पहिल्या सकाळी मी वहीत दुसरं वाक्य लिहिलं असतं, तर ते प्रबंधात आलं असतं आणि बाबांनी वाचलं असतं. त्यांनी ते नक्की वाचलं असतं. माझा प्रबंध एवढ्या बारकाईनं वाचणारा दुसरा वाचक मला मिळणार नव्हता.

डॉक्टरबाईंनी औषधं बदलली. दुसऱ्या शहरात, यकृत बदलतात अशा ठिकाणी, फोन करून ठेवला आणि मला तुमचा रक्तगट काय म्हणून विचारलं. मी सांगितला. आई म्हणाली, "माहा बी पाह्यजा." संध्याकाळी बाबांना वार सांगता आला, पण उशिरा. पाचव्या दिवशीचा आकडा होता तेवढाच राहिला. सहाव्या दिवशी तो थोडासा उतरला. डॉक्टरबाई हसल्या नाहीत, उद्याचा बघू म्हणाल्या. सातव्या दिवशी आणखी उतरला आणि बाबा वजाबाकी करता करता दोनापर्यंत गेले. आई तोंडाला पदर लावून बाहेर निघून गेली.

घरी आल्यावर बाबा माझ्याशी बोलायला लागले. भाजीत मीठ नाही, गॅस सिलिंडर आलं का, स्कूटरचा ब्रेक आवाज करतो, असं सगळं बोलायचे. त्या गोष्टीवर मात्र एक शब्द नाही. ते रागवतील म्हणून मी तयार होते, नंतर तर वाट पाहत होते. एकदा मीच विषय काढला, "बाबा, ते उंदरांचं..." तर त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. गच्चीवरची खोली आईनं माणूस लावून साफ करून घेतली. माझ्या प्रकरणाची ती प्रत कुठे गेली, ते मी विचारलं नाही.

मी प्रबंध परत मागवला. मोठ्या मात्रेचा तक्ता सहा उंदरांचा केला, मेलेल्यांचं लिहिलं, मात्रा माणसाला तशीच लावू नये हेही लिहिलं. तक्त्यातला तारा गेला. लहान मात्रेच्या गटात अजून काहीतरी दिसतं, पण त्याला काय म्हणायचं ते मला आज सांगता येत नाही. सर फोन उचलत नाहीत. तोंडी परीक्षा लांबली, किती ते माहीत नाही. स्टाफरूममध्ये माझ्या खुर्चीशेजारी बसणारीनं डबा खायची जागा बदलली, त्यावरून मला काय समजायचं ते समजलं. वाईट वाटलं. नाही वाटलं असं म्हणणार नाही.

पाच आठवड्यांनी आम्ही तपासणीला गेलो. डोळे पांढरे झाले होते, आकडे बरेच खाली आले होते. आधीचे तंतू वाढले की नाहीत ते यकृत शांत झाल्यावर, आणखी काही महिन्यांनी मोजायचं होतं. डॉक्टरबाईंनी टेबलाच्या कप्प्यातून एक छापील फॉर्म काढला. औषधामुळे कुणाला इजा झाली की हा भरून पाठवतात, म्हणजे पुढच्या डॉक्टरला माहीत होतं, असं त्या बाबांना म्हणाल्या. तुमचं नाव जाणार नाही, चालेल का?

"चालन."

त्यांनी झाडाचं नाव लिहिलं, मात्रा लिहिली, किती दिवस ते लिहिलं. मग पेन थांबवून वाचलं, "कोणाच्या सल्ल्याने घेतलं?"

"लिवा," बाबा म्हणाले, "माह्याच मनानं."

मला त्यांनी वाचवलं होतं. मी गप्प बसले असते तर ते तसंच फॉर्मवर गेलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "मुलीचा प्रबंध वाचून, असं लिहा. आणि त्यात दोन उंदीर मेल्याचं लपवलेलं होतं, तेही लिहा."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं. चौकट लहान होती, तेवढ्यातच भरली.

"दुसरं बसत नाही इथे," त्या म्हणाल्या. "राहू द्या, एवढ्यावर भागतं."

बाबांनी फॉर्म स्वतःकडे ओढला, उलटा केला आणि कोरी बाजू डॉक्टरबाईंपुढे सरकवली.

"मांगं जागा हाय," ते म्हणाले. "ते बी लिवा."